आकडा सांगीन, बोलणार नाही

शाळेतली मुलं त्यांना डिग्रीकाका म्हणायची. गंमत अशी, की काकांकडे डिग्री एकही नव्हती. ते प्रयोगशाळेत मदतनीस होते. बाटल्या धुवायच्या, मास्तरांनी मागितलं ते हातात द्यायचं, मुलांनी फोडलं ते गोळा करायचं. पण तापमापी वाचायला शिकवायची वेळ आली की मास्तर बाजूला सरायचे आणि काकांना पुढं करायचे. "डोळा पाऱ्याच्या रेषेत. वरून बघाल तर चुकाल, खालून बघाल तर चुकाल," एवढंच काका सांगायचे, आणि चाळीस मुलं गुडघ्यात वाकून काचेच्या नळीकडे बघत उभी राहायची.

घरी काकांची एक वही होती. खरं तर एकोणतीस वह्या, वर्षाला एक. सकाळी सात वाजता गच्चीवर जायचं, झडपांची पांढरी पेटी उघडायची, आतल्या काचेच्या तापमापीवरचा आकडा बघायचा आणि खाली येऊन लिहायचा. पेटी त्यांनी शाळेच्या मोडक्या बाकांच्या फळ्यांतून स्वतः केलेली. एकोणतीस वर्षांत ती वीतभरही हलली नव्हती आणि वहीत एकही खाडा नव्हता. कांजिण्या झाल्या होत्या तेव्हा नाही, मुलीचं लग्न होतं तेव्हाही नाही. हे सगळं कुणासाठी, असं कुणी विचारलं तर काका म्हणायचे, "कुणासाठी नाही. चालू आहे म्हणून चालू आहे." त्यावर काकूंचं उत्तर ठरलेलं होतं. "मी चाळीस वर्षं पहाटे पाचला उठतेय, त्याची कुणी वही केली नाही ती."

खाडा कधीच झाला नाही, यात एक दिवस असाही होता की तो झाला असता तर बरं झालं असतं.

घर दोघा भावांचं. मधून भिंत घातलेली, अर्ध्यात काका-काकू, अर्ध्यात काकांचे थोरले भाऊ. त्यांना सगळे दादा म्हणत. दादांनी उभा जन्म बेकरीत भट्टीपुढं काढला, लग्न केलं नाही, म्हातारी आई त्यांच्याच अर्ध्यात असायची. अकरा वर्षांपूर्वी आई शेवटच्या आजारात होती. दोघे भाऊ आळीपाळीनं उशाशी बसत. त्या सकाळी काकांची पाळी होती. सातला पाच कमी असताना ते उठले, गच्चीवर गेले, आकडा बघितला, खाली आले, तोवर आई गेली होती. त्या दिवशीची नोंद वहीत आहे. साडेएकवीस.

माणसं जमली होती, तेव्हा सगळ्यांच्या देखत दादा म्हणाले, "आई जात होती आणि हा पारा बघत होता." काकांनी मान खाली घातली ती अकरा वर्षं वर केली नाही, निदान त्या भिंतीकडे तरी. अबोला धरला तो धरला. दादाही पीळ सोडणाऱ्यातले नव्हते. दोघांच्या मध्ये काकू जा-ये करायच्या. संध्याकाळचं जेवण दादांकडे पोचवायच्या, दोन्हीकडचं ऐकायच्या आणि एकीकडचं दुसरीकडे सांगायच्या नाहीत. जमतं कुणाला हे?

तर अशात काकांचा उजवा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, त्या दिवसांत काकूंनी रजा काढून सातची नोंद केली, आणि डॉक्टर म्हणाले की जिना आता विसरा. गच्चीचा जिना मागच्या अंगणातून, दोन्ही घरांना सामाईक, एकतीस पायऱ्यांचा. घरी येऊन पहिले चार दिवस काका तरीही चढले, बसून, ढुंगणानं एकेक पायरी मागे सरकत. पाचव्या दिवशी काकूंनी ते पाहिलं. मुलीला फोन लावला आणि तिच्याशी बोलल्या.

मुलगी दूरच्या शहरात होती. तिनं आठ दिवसांत एक यंत्र पाठवलं, तोवर आकडा काकूच आणत होत्या. त्याचे दोन भाग. एक साबणाच्या वडीएवढा, तो बाहेर पेटीत ठेवायचा, तो हवा मोजणार. दुसरा काचेच्या पडद्याचा, तो घरात टेबलावर. मध्ये तार नाही, वरचा आकडा बिनतारी खाली येणार. "आता चढायचं नाही, बाबा," मुलगी म्हणाली. "खुर्चीत बसून वही लिहायची." काकांना यंत्र आवडलं नाही असं नाही. काचेच्या तापमापीवर अर्ध्या अर्ध्या अंशाच्या खुणा होत्या, आणि हे यंत्र अंशाचा दहावा भाग दाखवत होतं. अठरा पॉइंट तीन. काकांना ते तीन फार आवडले.

फक्त ते दिसले एकदाच, गच्चीवर, यंत्र बसवताना. घरात आणल्यावर पडद्यावर तीन आडव्या रेघा आल्या आणि तिथंच थांबल्या.

यंत्र बसवायला नाक्यावरचा रेडिओवाला आला होता. काकांचा जुना मित्र. आता कुणी रेडिओ दुरुस्तीला आणत नाही, त्यामुळं त्याच्याकडे वेळच वेळ. तो म्हणाला, "रेंज नाही." काका म्हणाले, "ते मलाही दिसतंय." मग दोघं कामाला लागले. वरच्या भागाच्या बॅटऱ्या बदलल्या. पडदा फ्रिजच्या डोक्यावरून काढला, टीव्हीपासून लांब नेला, लोखंडी कपाटापासून लांब नेला, खिडकीत ठेवला, पलंगाखाली ठेवला. काकू कामावरून आल्या तर तो पिठाच्या डब्यावर होता. "आता माझ्या डोक्यावर ठेवा," त्या म्हणाल्या, "तेवढीच जागा राहिलीय." रेडिओवाल्यानं ते खरंच मनावर घेतलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात त्यानं वरचा भाग उघडून आतली गुंडाळी केलेली बारीक तार काढली आणि तिच्या जागी सरळ तार कथलाचा डाख देऊन बसवली, बरोबर सतरा सेंटीमीटर आणि तीन मिलिमीटर. या लहरींना तेवढीच लांबी मानवते, असं त्याचं म्हणणं. त्यानं फरक पडला. पडदा दिवसातून तीनचार वेळा आकडा दाखवू लागला. पण सकाळी सातला बहुतेक वेळा रेघाच. काकांना दुपारच्या आकड्याशी काय घेणं? ज्या दिवशी सातला आकडा आला नाही, त्या दिवशी काकू कामावर गेल्यावर ते गुपचूप चढत. दोनदा गुडघा सुजला. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा असं केलंत तर आयुष्यभर काठी.

"पेटी जरा या कडेला घेऊ," रेडिओवाला म्हणाला. "तुझ्या खिडकीच्या वर. काम फत्ते."

"पेटी हलणार नाही," काका म्हणाले. "कडेला भिंतीचा ताप लागतो. मग आजचा आकडा आणि मागच्या एकोणतीस वर्षांचे, यांची तुलना कशी करायची?"

"मग बस रेघा बघत."

तसा तो तोंडाळ होता, पण हटणारा नव्हता. एके दिवशी तो पडदा हातात धरून घराभोवती फिरला, आणि फिरता फिरता त्याला दुखण्याचं मूळ सापडलं. काकांच्या अर्ध्याच्या वरचा मजला एका छत्रीवाल्यानं गोदामाला घेतला होता. छपरापर्यंत छत्र्या. हजारो लोखंडी काड्या गच्ची आणि काकांचं टेबल यांच्या मध्ये अंथरलेल्या. पाऊस अडवायच्या त्या छत्र्या काकांचं हवामान अडवत होत्या. आणि दादांच्या अर्ध्याच्या वर? वर काहीच नाही, रिकाम्या खोल्या. दादांच्या खिडकीशी पोचल्याबरोबर पडद्यावर आकडा लख्ख उमटला, आणि रेंजच्या चारही कांड्या भरल्या.

रेडिओवाल्यानं हे सांगितलं तेव्हा काकांनी पडदा त्याच्या हातातून काढून घेतला. मग म्हणाले, "दुसरी जागा बघ."

दुसरी जागा नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं चाललं होतं, फक्त इथं कळसा भावाच्या काखेत होता.

शेवटी काकूंनी सूत्रं हातात घेतली. काकू हॉस्पिटलच्या कपड्यांच्या विभागात होत्या, साडेसहाला घर सोडायच्या, त्यामुळं सातला दादांकडे जाऊन पडदा बघणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी संध्याकाळी जेवणाचा डबा आणि यंत्राचा पडदा असं दोन्ही नेलं आणि दादांच्या खिडकीत ठेवलं.

"भाऊजी, सातला यावर जो आकडा येईल तो भिंतीतून ओरडून सांगायचा. एवढंच काम."

दादांनी डबा उघडून बघितला, झाकला, आणि म्हणाले, "आकडा सांगीन. बोलणार नाही."

काकूंनी निरोप आणला. काका म्हणाले, "मला तरी आकडाच हवाय. वर एक शब्द नको म्हणावं."

असा तह झाला. दुसऱ्या दिवशी सातला भिंतीवर तीनदा टकटक झाली आणि पलीकडून जाड, बेकरीतल्या पिठानं बसलेला आवाज आला. "सतरा पॉइंट आठ." अकरा वर्षांत काकांनी भावाचा आवाज इतक्या जवळून ऐकला नव्हता. त्यांनी सतरा पॉइंट आठ लिहिलं. त्यातला आठ नीट आला नाही.

मग ते रोजचं झालं. तीन टकटक, आकडा, शांतता. दादांनी एक दिवस चुकवला नाही. काका साडेसहापासून वही उघडून भिंतीशी खुर्ची टाकून बसायचे, आणि काकूंनी एकदा विचारलं की आकडा सातला येतो तर साडेसहापासून तिथं काय करता, तर म्हणाले पेनची शाई वाळते म्हणून.

दोन महिने असे गेले. मग आवाज बदलला. आकडा पूर्वीसारखा खणखणीत येईना, धापा टाकत यायचा. "एकोणीस... पॉइंट शून्य." काकांना वाटलं, दादा आता उशिरा उठतो, अंथरुणातून धडपडत खिडकीशी जातो. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "भाऊजी बरे आहेत. यंत्रावर रुमाल घातलाय त्यांनी, धूळ बसते म्हणून."

महिन्याच्या मधोमध काका पंधरवड्याची सरासरी काढायचे. त्या वेळी काढायला बसले आणि त्यांचं पेन थांबलं. पंधरा तारखेपासून मागे बघितलं, आणखी मागे गेले. सतरा दिवस. सतराच्या सतरा आकड्यांच्या शेवटी एकतर पाच होता नाहीतर शून्य. साडेअठरा, एकोणीस, साडेसतरा, अठरा. आधीचे दोन महिने बघितले तर तीन, आठ, एक, सहा, सगळे अंक पेरलेले. हवा काही ठरवून अर्ध्या अर्ध्या अंशानं चढत-उतरत नाही. एकोणतीस वर्षं काचेच्या तापमापीवर अर्धेच आकडे लिहायची सवय, म्हणून इतके दिवस डोळ्याला खटकलं नव्हतं.

काकांच्या अंगाची लाही झाली. दादा यंत्राकडे बघतच नव्हता. अंथरुणात पडल्या पडल्या, गार वाटतं का ऊब वाटते त्यावरून, ठोकून देत होता. आणि मुद्दाम करत होता. ज्या वहीवरून त्यानं आपल्याला चारचौघांत मारलं, ती वही आता तो आतून कुजवत होता. एकोणतीस वर्षांत खाडा नाही, पण खोटा आकडा खाड्यापेक्षा वाईट. खाडा निदान प्रामाणिक असतो. काकांनी लाल पेन काढलं आणि सतराही आकड्यांपुढं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, संशयास्पद. सतरा वेळा.

काकूंना त्यांनी काही सांगितलं नाही. उद्या दादाला रंगेहाथ धरायचं, असं ठरवून झोपले.

सकाळी काकू गेल्या. सातला दहा मिनिटं असताना काका काठी घेऊन अंगणातून दादांच्या दाराशी गेले. मनात वाक्य तयार होतं. अकरा वर्षांत तयार झालेलं, चांगलं धार लावलेलं. दार उघडं होतं. आत दादा नव्हते. पलंगाची घडी घातलेली, चहाचा कप धुऊन पालथा घातलेला. खिडकीत यंत्र, त्यावर रुमाल. काकांनी रुमाल उचलला.

तीन आडव्या रेघा.

यंत्राशेजारी चार जुन्या बॅटऱ्या ओळीनं ठेवल्या होत्या. पडद्याला दोन लागतात, म्हणजे दादांनी त्याच्या बॅटऱ्या एकदा नाही, दोनदा बदलल्या होत्या. संपल्या होत्या त्या वरच्या भागाच्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. काका तिथंच उभे राहिले, कारण त्यांना अजून कळत नव्हतं की मग आकडे कुठून येतात.

तेवढ्यात मागच्या जिन्यावर चपला वाजल्या.

काका जिन्याशी आले आणि डॉक्टरांना न विचारता चढू लागले. एक हात कठड्यावर, एक काठीवर. चौदाव्या पायरीवर जिना वळतो, तिथं त्यांना दादा दिसले. दादा वरून उतरत होते, भिंतीला हात लावून, पायरीला थांबत. भट्टीपुढं पन्नास वर्षं पीठ ओढून छाती गेलेला पंचाहत्तर वर्षांचा माणूस. ओठ हलत होते. आकडा विसरू नये म्हणून ते तो पुटपुटत होते. "अठरा पॉइंट पाच. अठरा पॉइंट पाच."

काचेच्या तापमापीवर ते साडेअठरा दिसलं असणार. भिंतीतून सांगायचं म्हणून दादा त्याचं यंत्राच्या भाषेत करून आणत होते.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. काकांचं तयार वाक्य कुठं गेलं कुणास ठाऊक.

"खाली उतर," दादा म्हणाले. "डॉक्टरनं सांगितलंय ना तुला."

"यंत्र बंद कधीपासून आहे?"

"झाले सतरा-अठरा दिवस."

"मग सांगायचं होतंस."

दादांनी श्वास घेतला. "सांगायचं म्हणजे बोलावं लागलं असतं. आकडा तेवढा सांगायचा ठरलं होतं."

"हिला सांगायचं. डबा घेऊन येते रोज."

"तिला सांगितलं असतं तर तिनं तुला सांगितलं असतं. आणि तू दुसऱ्या दिवशी चढला असतास. मला काय माहीत नाही तू?"

काका पायरीवर बसले. लाज वाटली त्यांना, सरळ लाज. सतरा लाल शेरे त्यांच्या डोळ्यापुढं आले. दादाही दोन पायऱ्या वर बसले, कारण त्यांचा श्वास अजून पुरत नव्हता.

"वहीवर एवढा राग तुझा," काका म्हणाले. "मग चढलास कशाला?"

"राग आहेच," दादा म्हणाले. "पण आई गेली त्या दिवशीसुद्धा तू खाडा केला नाहीस. आणि आता बॅटरीवाचून खाडा व्हायचा? मग त्या दिवशी तरी कशाला गेलास, असं झालं असतं. ते मला नको होतं."

काकांनी काठी पायरीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "मी पाच मिनिटांत येणार होतो."

"माहीत आहे."

"आई तशी शांत झोपली होती."

"माहीत आहे म्हटलं ना." दादा जिन्याच्या भिंतीकडे बघत होते. "मी तरी कुठं खोलीत होतो? बेकरीत जायला निघालो होतो. दारात बूट घालत होतो. तू आत आहेस असं धरून. मी आत वळून बघितलं असतं तर... नाही बघितलं. बुटाची नाडी सुटत नव्हती." ते थांबले. "ते मी कुणाला सांगितलं नाही. तुझंच सांगितलं."

अकरा वर्षं काकांनी मनात हजार वेळा दादाला उत्तर दिलं होतं. आता त्यांनी हात वर करून दादांच्या पायावर ठेवला, पोटरीवर, जिथं पोचत होता तिथं, आणि तो तसाच राहू दिला. दादांनी पाय काढला नाही.

मग ते बोलत बसले. वरच्या भागाच्या बॅटऱ्यांबद्दल, ज्या बदलल्यावर आकडा लगेच येईल असं काकांनी सांगितलं, आणि वरही बॅटऱ्या असतात हेच दादांना माहीत नव्हतं. छत्रीवाल्याबद्दल. आई शेवटी शेवटी दोघांना एकमेकांच्या नावानं हाक मारायची त्याबद्दल. उतरायची घाई दोघांनाही नव्हती, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही एकट्यानं उतरता येण्यासारखं नव्हतं. शेवटी उतरले ते एकमेकांना धरून, पायरीला पायरी लावत, आणि कोण कुणाला धरतंय यावरून तिसऱ्याच पायरीपासून वाद घालत.

काका घरात आले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पावणेआठ झाले होते. त्यांनी वही उघडली. वहीत खोडायचं नाही हा त्यांचा नियम, म्हणून लाल शेरे त्यांनी तसेच ठेवले आणि त्यांच्याखाली काळ्या शाईत लिहिलं की वरचे सतरा आकडे बरोबर आहेत, काचेच्या तापमापीवरून घेतलेले, आणि संशय घेणाऱ्याची चूक झाली. मग त्या दिवसाची ओळ लिहिली. तारीख. साडेअठरा. वेळेच्या रकान्यात एकोणतीस वर्षं सात वाजता असं लिहिलेलं होतं. तिथं त्यांनी पावणेआठ लिहिलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहिलं.

नोंदीला उशीर. दादाशी बोलत होतो.